बाजार उठायच्या आधी

"ह्या खेपेला बाजूनं ओगलेसर बोलतील," भूपालअण्णा म्हणाले, आणि माझ्या बशीतला चहा मुजावरसाहेबांच्या सतरंजीवर सांडला.

"बघा, नुसतं नाव घेतलं तर ही गत," मुजावर म्हणाले. "अण्णा, माणूस बदला. ह्यांनी जन्मात कधी हॉटेलातला डोसा चांगला आहे असंसुद्धा ठाम सांगितलेलं नाही. बरा असावा, म्हणतात."

"म्हणून तर," अण्णा म्हणाले.

आम्ही चौघे रविवारी सकाळी सांगलीत मुजावरांच्या गच्चीवरच्या खोलीत जमत असू. मुजावर विमा कंपनीतून निवृत्त झालेले. पाटणेबाईंनी मुलींच्या शाळेत गणित शिकवण्यात आयुष्य घालवलेलं. भूपाल मगदूम, म्हणजे आमचे अण्णा, यांची मार्केट यार्डात हळदीची अडत होती. मी कॉलेजचा ग्रंथपाल होतो, तोही निवृत्त. प्रत्येकाने थोडेथोडे पैसे घालून आम्ही शेअर घेत असू. पण घेण्यापेक्षा त्यावर वाद घालण्यात आमच्या सकाळी जास्त जात. मला त्यांनी घेतलं होतं ते इंग्रजी वार्षिक अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचणारा कुणीतरी हवा म्हणून. वाचायचं आणि शंका काढायच्या, एवढंच माझं काम.

मंडळाला एक नियम होता, अण्णांनी घातलेला. जो शेअर आणेल त्याने त्या शेअरच्या विरुद्ध बोलायचं. बाजूने दुसऱ्या कुणीतरी. "ज्याला माल आवडलाय त्याला त्यातली कीड दिसत न्हाई," अण्णा म्हणत, "तवा ती त्यालाच शोधायला लावायची." शेवटी एकाने जरी होकाराची मान हलवली नाही, तरी तो शेअर घ्यायचा नाही.

त्या दिवशी अण्णांनी आणलेला शेअर होता तो खुद्द बाजार चालवणाऱ्या एका कंपनीचा.

"थांबा, मला नीट समजू दे," पाटणेबाई म्हणाल्या. "जिथं बसून लोक शेअर विकतात, ती जागाच आता स्वतःचे शेअर विकतेय?"

"होय बाई."

"म्हणजे वर्गानंच परीक्षेला बसायचं."

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी भाव किती होईल, ते मला नको. माझ्यामागं किती वर्षं टिकंल, तेवढं सांगा, सर. महिनाभर घ्या."

'माझ्यामागं' हा शब्द माझ्या कानात राहिला. बाकीच्यांनी तो ऐकला की नाही, मला ठाऊक नाही.

जिना उतरताना अण्णांनी कठडा धरला होता. पूर्वी ते कधी धरत नसत. खालच्या पायरीवर ते थांबले आणि वर मुजावरांच्या दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलंय. स्वादुपिंड. कापायच्या पलीकडं गेलंय म्हणतो. मुजावरांना एवढ्यात बोलू नका, ते रडायला लागतील आणि मलाच त्यांना पाणी द्यावं लागंल."

माझ्या तोंडातून एवढंच निघालं, "रत्नाचं काय?"

"तेच तर तुम्हाला बघायला दिलंय," अण्णा म्हणाले.

रत्ना त्यांची एकुलती एक मुलगी. तिशी ओलांडलेली, पण समज पाच-सहा वर्षांच्या मुलीची. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. अण्णा तिला रोज दुकानात घेऊन जात. गादीशेजारी तिची सतरंजी असे. तिच्यापुढे हळकुंडांचा ढीग ओतलेला असे, आणि ती दिवसभर जाड हळकुंडं एकीकडे, बारीक दुसरीकडे अशी निवडत बसे. ती घरी गेली की हमाल दोन्ही ढीग पुन्हा एकत्र करून ठेवी, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिला काम असे. घर जैनांचं. दिवस असतानाच रात्रीचं जेवण. पानावर बसल्यावर पहिला घास अण्णांनी कालवून तिला भरवायचा, मग ती आपल्या हाताने जेवे. तो घास मिळाला नाही, तर ताटाला हात लावत नसे. तपासण्यांसाठी अण्णांना एक रात्र दवाखान्यात ठेवलं, तेव्हा शेजारच्या वहिनींनी नाना प्रकार केले. ती उपाशी झोपली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दुकानात गेलो. विषय मीच काढला, आणि काढल्याबरोबर काढायला नको होता असं वाटलं.

"दुकान विकायचं," अण्णा म्हणाले. "येतील ते पैसे एका जागी ठेवायचे. दर वर्षी त्यातनं तिचं भागलं पाहिजे."

"बँकेत ठेवा की अण्णा. निदान धोका नाही."

"रत्ना माझ्यामागं तीस वर्षं राहील. आजचं व्याज तीस वर्षांनी तिच्या औषधाला तरी पुरंल का? सांगा."

"जमीन?"

"जमीन बघायला भाचे येतील. जमिनीकडं बघतील. पोरीकडं कोण बघणार?" त्यांनी रत्नाकडे पाहिलं. ती एक हळकुंड उजेडाला धरून निरखत होती. ते जाड म्हणावं की बारीक, हे तिला ठरत नव्हतं. "मला औषधाच्या कंपन्या कळत न्हाईत, मोटारींच्या कळत न्हाईत. बाजार तेवढा कळतो. हळद कुणाची का असंना, भाव चढो का पडो, सौदा झाला की बाजाराला त्याचं मिळतं. पण मला तो आवडलाय, म्हणून माझ्यावर माझा भरवसा न्हाई. तुम्ही बघा."

"अण्णा, माझ्यावर तरी कसा ठेवता? मी आजवर एकही गोष्ट..."

"शंका काढत काढत तुम्ही जर हो म्हणालात, तर ते हो खरं असणार."

मी महिनाभर वाचत होतो. कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्या जागी आलेल्या मुलीने मला खिडकीजवळचं टेबल दिलं. कंपनीचे अहवाल वाचले, परदेशातल्या बाजारांचा इतिहास वाचला, कुठले टिकले, कुठले बुडाले, कुठले दुसऱ्याने गिळले. वहीत दोन्ही बाजूंनी लिहीत गेलो. जितकं वाचलं तितका गोंधळ वाढला. एखादं वाक्य बाजूचं लिहिलं की त्याच्याखाली 'परंतु' लिहिल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नसे.

शेवटी ज्या गोष्टीने मला बळ दिलं ती पुस्तकात नव्हती. यार्डात सौदे चालले होते. एक व्यापारी आणि एक अडत्या टॉवेलखाली हात घालून बोटांनी भाव करत होते, आणि दोघांचे चेहरे लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखे निर्विकार. कर्नाटकातून माल घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याला मी विचारलं, "इतक्या लांबून इथंच का आणता?"

"घेणारे हितंच असतात की."

मग त्या व्यापाऱ्याला विचारलं, तुम्ही इथंच का घेता?

"माल हितंच येतो म्हणून," तो म्हणाला, आणि हा माणूस वेडा तर नाही ना, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं.

अण्णांच्या गादीशेजारून रत्ना माझ्याकडे बघून हसत होती. "सरकाका, तुम्ही पण निवडा," ती म्हणाली. मी तिच्याशेजारी बसून हळकुंडं निवडू लागलो. तिने माझी दोनदा चूक काढली.

ठरलेल्या रविवारी मी बोललो. पाटणेबाईंनी पाण्याचा पेला पुढे सारला, तो मी रिकामा केला आणि वही मिटली.

मी म्हणालो, या कंपनीची खरी मालमत्ता तिची इमारत नाही, संगणकही नाहीत. ती आहे लोकांची सवय. विकणारा येतो कारण घेणारा तिथे असतो, घेणारा येतो कारण विकणारा तिथे असतो. उद्या कुणी शेजारी नवा बाजार थाटला, फी निम्मी केली, तरी पहिल्या दिवशी तिथे जाणाऱ्याला समोर कुणी भेटणारच नाही. तो परत जुन्या जागी येईल. शिवाय परवाना कुणालाही मिळत नाही. सौदे दुप्पट झाले तरी खर्च दुप्पट होत नाही. लोक आनंदात असले तरी सौदे करतात, घाबरले तर जास्तच करतात. आणि आपल्या देशात अजून बहुतेकांनी शेअर म्हणजे काय ते पाहिलेलंही नाही; ते आज ना उद्या येतील. "कारखाना हलवता येतो," मी म्हणालो, "दुकान हलवता येतं. सवय हलवणं सगळ्यांत अवघड. ती मोडायला लागणारा काळ, तेवढं या कंपनीचं आयुष्य. माझ्या मते ते मोठं आहे."

मग मुजावर म्हणाले, "बाई, नोंद करा. ओगलेसर एकदाही 'परंतु' म्हणाले नाहीत."

अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा त्या महिन्यात उतरला होता, पण डोळे तेच. ते भिंतीला टेकून बसले आणि विरुद्ध बोलू लागले.

"सरकारनं एका सहीनं सौद्यावर कर वाढवला, तर निम्मे सौदे दुसऱ्या दिवशी गायब होतील. ही झाली एक कीड. एखाद्या सकाळी यंत्र बंद पडलं, तर लोक त्या दिवसापुरतं दुसरीकडं जातील. पण एकदा वाट कळली की कळली. ही दुसरी. आणि सर म्हणतात सवय. सवय मोडायला काळ लागतो म्हणतात. सर, मी ती मोडताना बघितलीय."

मग त्यांनी आपल्या वडिलांची हकीकत सांगितली. अण्णा लहान होते तेव्हा हळदीचा बाजार गावातल्या जुन्या पेठेत भरे. बाहेर यार्ड बांधायला घेतलं, तेव्हा पेठेतले लोक हसले. एवढ्या लांब कोण जाणार? अण्णांचे वडील म्हणायचे, आपलं गिऱ्हाईक आजोबांपासूनचं आहे, ते कुठं जात नाही. शेजारच्या एका अडत्याने मात्र यार्ड पुरतं बांधून व्हायच्या आधीच तिथे गाळा घेतला. पेठेतलं दुकान चालू होतं, तरी तो शेतकऱ्याला स्वतः गाडीत बसवून तिकडे न्यायचा, वजन तिकडे करायचा, हिशोबाची पट्टी तिकडे द्यायचा. लोकांनी त्याला खुळ्यात काढलं.

"आणि मग एका हंगामात पेठ उठली," अण्णा म्हणाले. "हळूहळू न्हाई. एका हंगामात. वडील दुकान उघडून बसायचे, येणार कोण? त्या शेजाऱ्याचं एक गिऱ्हाईक तुटलं न्हाई, कारण त्यानं पेठ चालू असतानाच त्यांना नव्या जागेची सवय लावली होती. वडील शेवटच्या दिवसापर्यंत थांबले. माणसं आपल्यावर माया करतात, येवढंच धरून बसले. सवय मोडायला वेळ लागत न्हाई, सर. लावायला लागतो. आणि तो वेळ जुना बाजार चालू असतानाच मिळतो. उठल्यावर न्हाई."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज खाली गेला. मला वाटलं, दुखत असेल.

पाटणेबाईंनी मान हलवली. मी हलवली. मुजावर म्हणाले, "मला नाही बुवा पटत. अण्णांनी घाबरवलंच तसं." म्हणजे मंडळाचा शेअर घेण्याचा विचार संपला.

"नियम म्हणजे नियम," अण्णा म्हणाले. आणि मुजावरांना टाळी दिली.

खाली रस्त्यावर आल्यावर ते म्हणाले, "सर, तुमचं मला पटलं. शेअर मी घेतो, माझ्या एकट्याचे. रत्नासाठी वकील कागद करून देतोय, तुम्ही तिघं विश्वस्त. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही चार दिवस विचार केला असता, म्हणून विचारलं न्हाई."

"बरं," मी म्हणालो.

"आणि माझं बोलणंही मला पटलं. बोलायला लागलो आणि माझं मलाच ऐकायला यायला लागलं." ते एका स्कूटरला टेकून उभे राहिले. "गडहिंग्लजकडं एक जागा आहे. मोठ्या वयाच्या अशा पोरींना ठेवून घेतात. मी गेल्यावर तिला तिथं पोचवायचं असं मनात होतं. आता आत्ताच पोचवतो."

मला आधी कळलंच नाही. "आत्ताच म्हणजे? अण्णा, डॉक्टरांनी तुम्हाला अजून सात-आठ महिने..."

"म्हणूनच."

"हे महिने तरी ती तुमच्याजवळ राहू दे की!"

"ते माझ्यासाठी झालं, सर. तिच्यासाठी न्हाई." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी गेल्यावर नेली, न्हाई जेवली, न्हाई रुळली, तर कुणाकडं बघायचं? आत्ता न्हाई जमलं तर मी आहे. दुसरी जागा बघीन, दुसरं काही करीन. मी आहे तवाच माझी सवय मोडली पाहिजे तिची."

सवय हलवणं सगळ्यांत अवघड, असं जे मी शेअरबद्दल बोललो होतो, ते त्यांनी कुठल्या वजनकाट्यावर घातलं होतं ते आता माझ्या लक्षात येत होतं. एकदा वाटलं, सांगावं, मी नियमाप्रमाणे बोललो, तेवढं मनावर घेऊ नका. पण ते खरं नव्हतं. मी मनापासून बोललो होतो.

पुढच्या आठवड्यात आम्ही गाडी करून गेलो. रत्ना पुढे बसली होती, गाडी वळली की टाळ्या वाजवत होती. जागा चांगली होती. कौलारू लांब इमारत, मागे भाजीचा वाफा, दोन शेळ्या. ते सगळं चालवणाऱ्या वेणूताई भोसेकर धडधाकट बाई, हातात कायम किल्ल्यांचा जुडगा. अण्णांनी त्यांना एकच गोष्ट तीनदा सांगितली, दिवस असताना जेवायला घाला.

"घालू अण्णा. सगळ्यांनाच तेव्हा घालू. आम्हालाही लवकर सुटका." वेणूताई हसल्या, मग हलकेच म्हणाल्या, "निघताना बहुतेक लोक 'आत्ता येतो' म्हणून जातात. तसं सांगितलं तर चालेल. सोपं जातं."

अण्णांनी नको म्हणून मान हलवली. रत्ना ओसरीवर बायकांच्या घोळक्यात बसून शेंगा फोडायला लागली होती. ते तिच्यापुढे उकिडवे बसले. त्यांना तसं बसताना किती त्रास होत होता ते मला दिसत होतं.

"रत्ना, मी जातो."

"संध्याकाळी या, अण्णा."

त्यांनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले आणि चालू लागले. ती शेंगा फोडत राहिली. गाडी फाटकाबाहेर आली, वळण घेतलं, तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. रस्त्याकडेच्या दगडावर ते पाठमोरे बसले. ड्रायव्हरने मला विचारलं, "पाणी देऊ का त्यांना?" मी नको म्हणालो. बराच वेळ आम्ही दोघे गाडीतच बसून राहिलो.

वेणूताईंना फोन नंबर माझा दिला होता. "माझा दिला तर मी तिकडं निघून जाईन," असं अण्णा म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी फोन आला, रत्ना जेवत नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. मी धावत अण्णांकडे गेलो.

"चला अण्णा. गाडी बोलावतो. एकदा भरवून येऊ."

ते खाटेवर बसले होते. हातांनी खाटेची कडा घट्ट धरलेली. "तुम्ही जा."

"मी? माझ्या हातचं ती..."

"भरवायला न्हाई. बघायला. बघून मला सांगायला."

"अण्णा, पोर उपाशी आहे!"

"मला म्हाईत न्हाई व्हय?" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या वहिनी दारात आल्या. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "आज मी गेलो की ती जेवंल. मग मी मेलो की पुन्हा उपाशी राहील, आणि तवा यायला कोण असंल? जा तुम्ही. लवकर जा."

मी एसटीने गेलो. पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. वेणूताईंनी मला स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं केलं. बायका ओळीने जेवायला बसल्या होत्या. रत्ना ताटापुढे हात मांडीवर ठेवून बसलेली, ओठ सुकलेले, नजर फाटकाकडे. तिच्याशेजारी शेवंता नावाची एक बुटकी, गोल चेहऱ्याची बाई जेवत होती. तिचं जेवण झालं तरी हिचं ताट भरलेलंच.

"ए नवी," शेवंता म्हणाली, "खा की! भांडी मला घासायची हायती. तुझा बाप घासणार हाय व्हय?"

रत्नाने तिच्याकडे पाहिलंही नाही. तेव्हा शेवंताने भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि सरळ तिच्या तोंडात कोंबला. रत्नाचे डोळे विस्फारले. आमटी हनुवटीवरून ओघळली. मला वाटलं, आता थुंकेल, रडेल. ती थोडा वेळ तशीच बसली. मग चावू लागली.

"आ कर," शेवंता म्हणाली. दुसरा घास गेला. तिसऱ्याला रत्नाने ताटात स्वतःचा हात घातला.

मी खिडकीपासून बाजूला झालो. पुढे तिने काय खाल्लं ते मला दिसलंच नाही.

सकाळी अण्णांकडे गेलो. ते दारातच उभे होते. रात्रभर निजले नसावेत.

"जेवली?"

"जेवली, अण्णा."

"कुणाच्या हातनं?"

मी शेवंताबद्दल सांगितलं, ती काय बोलली तेही. 'तुझा बाप घासणार हाय व्हय' यावर ते मोठ्याने हसले. हसता हसता त्यांनी खांद्यावरचा पंचा तोंडावर घेतला आणि तसेच आत निघून गेले. मी बाहेरच्या खोलीत बसून राहिलो.

त्यानंतर ते सहा महिने जगले. त्या काळात ते एकदाही गडहिंग्लजला गेले नाहीत. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी जाऊन यायचो आणि सगळं सांगायचो. ती कुठल्या रंगाची साडी नेसली होती, शेळीला काय नाव ठेवलं, शेवंताशी कशावरून भांडली. ते डोळे मिटून ऐकत. कधी म्हणत, "पुन्हा सांगा ते शेळीचं." संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर जेवायला थांबू लागलो होतो. ते पहिला घास कालवत, हात उचलत, आणि तो हात मध्येच थांबे. मग तो घास ते स्वतः खात. त्यानंतर फारसं खात नसत.

शेवटी शेवटी बोलणं जड जाऊ लागलं होतं. एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. "तिला इथं आणू नका. मुद्दाम सांगूही नका. तिनं विचारलं, अण्णा कुठं, तर खरं सांगा. न्हाई विचारलं तर..." ते पांघरुणाची कडा सारखी करत राहिले.

ते गेल्यानंतरच्या रविवारी मी गेलो, तेव्हा बसमध्ये संपूर्ण वाटेवर वाक्यं जुळवत होतो. रत्ना धावत आली. माझ्या पिशवीत राजगिऱ्याचे लाडू होते, ते तिने सगळ्यांना वाटले. मी निघेपर्यंत तिने काही विचारलं नाही. पुढच्या वेळीही नाही. मी दर वेळी उत्तर तयार ठेवून जात असे, आणि दर वेळी तसंच परत आणत असे. आता त्याला बरीच वर्षं झाली. तिने अजून विचारलेलं नाही.

शेअरचं विचाराल, तर त्याने साथ दिली. मध्ये एकदा कर वाढला, एकदा दुसऱ्या बाजाराने बरेच सौदे ओढून नेले, भाव इतका घसरला की मुजावर महिनाभर माझ्याशी नजर चुकवत होते. पण लाभांश येत राहिला आणि वेणूताईंची फी कधी थकली नाही. लोक मला म्हणतात, सर, तुमचा अंदाज बरोबर ठरला. मला अजून कळलेलं नाही. अण्णांचे ते सहा महिने कुठल्या बाजूला मांडायचे, हेच मला ठरवता येत नाही.

मुजावर गेले, पाटणेबाईंना आता दिसत नाही. दोघांच्या जागी मुजावरांची सून समीना विश्वस्त आहे. मी ऐंशीकडे झुकलो आहे. गेल्या वर्षी बसमधून उतरताना पडलो. त्यानंतरच्या खेपेला रत्ना फाटकाशी येऊन बसली होती. वेणूताई म्हणाल्या, "दुसऱ्या रविवारी ती सकाळपासून इथंच असते, सर. तुम्ही येईपर्यंत कुणी उठवलं तरी उठत नाही."

ते ऐकून बरं वाटलं. घरी आलो, आणि मग झोप लागली नाही.

वर्षभर मी समीनाला बरोबर नेत होतो. लाडू तिच्या हातून देववले. रत्नाच्या वेण्या समीना घालू लागली. आणि आज, दुसऱ्या रविवारी, मी गेलो नाही. कपडे करून, चपला घालून सकाळी दारापर्यंत गेलो होतो. मग खुर्चीत बसलो.

संध्याकाळी समीनाचा फोन आला. सगळं ठीक आहे म्हणाली, रत्नाची तब्येत चांगली आहे, शेळीला करडू झालं आहे. मी ऐकत होतो. शेवटी विचारलं, "माझ्याबद्दल काही...?"

"विचारलं, सर. पुन्हा पुन्हा विचारलं. मी निघाले तरी फाटकाशीच बसली होती."

मला आनंद झाला. एवढा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता, आणि तो होता कामा नये हे कळत असूनही तो काही केल्या जाईना.

"सर? ऐकताय ना? पुढच्या वेळी येणार आहात, असं सांगू का तिला?"

"नको," मी म्हणालो. "पुढच्या वेळीही तूच जा."